आमची वाटचाल : वडापच्या टपापासून जुन्या मोटारींच्या हूडपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, फौंड्री, इंजिनाची कामं करणारे पावलोपावली भेटतात. कुशनवाले, म्हणजे गाड्यांच्या सीटा आणि कापडी टप शिवणारे आमच्यासारखे, त्या मानानं थोडे. आमच्या आण्णांनी दुकान टाकलं तेव्हा कामं यायची ती ट्रॅक्टरच्या सीटची, मोटारसायकलच्या कव्हरची, ट्रॉलीच्या ताडपत्रीची, आणि सगळ्यात जास्त जीपच्या टपाची. तो वडापचा, म्हणजे जीपमधनं खासगी प्रवासी वाहतुकीचा काळ. गगनबावड्याकडं जा नाहीतर राधानगरीकडं, जीपच्या मागं माणसं लोंबकळत जायची, हात टपाच्या कांबीला. त्यामुळं कापड विरायचं ते कांबीवरच. आण्णा तेवढ्या जागी आतून दुहेरी कॅनव्हासची पट्टी आधीच शिवून द्यायचे. गिऱ्हाईकानं मागितलेली नसायची आणि तिचे वेगळे पैसेही नसायचे. आमच्या दुकानाचं नाव त्या पट्टीनं केलं, असं मी आजही सांगतो.

महिंद्रानं १९४७ साली विलीज जीप आपल्याकडं जुळवायला घेतली आणि पुढं कित्येक दशकं त्याच अंगकाठीच्या गाड्या रस्त्यावर राहिल्या. १९८५ ला मारुतीची जिप्सी आली, तीही कापडी टपाची. म्हणजे एका टपाचा फर्मा, कापड बेतायचा नमुना, नीट जमला की तो वर्षानुवर्षं चालायचा. मग पत्र्याच्या टपाच्या गाड्या वाढल्या, वडाप कमी झालं आणि आमचं निम्मं काम गेलं. सीट कव्हरं तयार मिळायला लागली, त्यात आम्हाला रस नव्हता. हात टपावर बसलेला होता.

उघड्या मोटारीचं कौतुक कोल्हापूरला नवं नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी मेबॅकमधनं दसरा चौकात येतात, आणि खास ती गाडी बघायला येणारी माणसंही असतात. पण अशी हौसेची गाडी आमच्या दारात येईल असं कधी वाटलं नव्हतं. ती आली सांगलीकडनं. एका डॉक्टरांची मॉरिस मायनर, कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडता येणारी. ही गाडी इंग्लंडमध्ये १९४८ ला निघाली. पहिल्या उघड्या मॉडेलला मागच्या बाजूला काढघाल करायचे पडदे होते, १९५१ पासून त्या जागी कायमच्या काचा आल्या. डॉक्टरांची गाडी ही नंतरची. ते म्हणाले, "दोनदा नवं कापड घातलं, दोन्ही वेळेला त्याच जागी फाटलं. आता तुम्ही बघा."

आण्णांनी कापडाला हातच लावला नाही. हूड, म्हणजे गाडीचं घडीचं कापडी छप्पर, अर्धा उघडून आतनं बघत बसले. कापड ज्यांच्यावर टेकतं त्या कमानींचं एकमेकींपासनं अंतर राखायला नवारीचे पट्टे असतात. पुढच्या लाकडी पट्टीपासनं मागच्या पट्टीपर्यंत जाणारे, प्रत्येक कमानीवर पक्के केलेले. ते पट्टे जुने होऊन ढिले पडले होते. पट्टा ढिला म्हणजे कमान पुढं सरकते, कापड तिच्यावर चुकीच्या जागी टेकतं, गाडी वेगात असली की फडफडतं आणि घासून घासून तिथंच फाटतं. नवं कापड म्हणजे नवी फाटायला जागा, एवढंच झालं होतं. आम्ही पट्टे बदलले. मागची लाकडी पट्टी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून ठोकून भुसभुशीत झाली होती, ती सागवानात नवी केली. कमानींचे सांधे मोकळे केले, कर्णावर मापं घेऊन दोन्ही बाजू सारख्या आणल्या. कापडाची पाळी त्यानंतर.

तेव्हापासनं दुकानात हाच क्रम ठरला. आधी सांगाडा, मग पट्टे, मग कापड. गिऱ्हाईक कापडाचा रंग विचारत येतं, आम्ही त्याला आतल्या कमानी दाखवतो. काही जणांना हे पटत नाही. नुसतं वरचं कापड बदलून द्या म्हणतात. पट्टे ढिले असतील तर आम्ही ते काम घेत नाही.

कापडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथंच जास्त फसगत होते. सुती कॅनव्हास ओला झाला की धागा फुगतो, वीण मिटते आणि पाणी अडतं. पण त्याच वेळी कापड आवळतंही. कोरडं असताना ते ढोलासारखं ताणून बसवलं, तर पहिल्याच पावसात चुका उपटून येतात. व्हिनाइलचं उलट. ऊन लागलं की ते सैल पडतं आणि थंडीत ताठरतं, म्हणून ते उन्हात तापवून मगच ओढायचं. तिसरा प्रकार तीन पदरांचा : वर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत सुती अस्तर. हे महाग पडतं, पण घडी चांगली घेतं आणि दिसायलाही देखणं. जुन्या चांगल्या गाडीला आम्ही तेच सुचवतो.

जुन्या हूडवरनं सरळ नवा कापायचा नाही. जुना कुठं आटलेला असतो, कुठं ताणलेला. तो फक्त शिलाई कुठनं जाते हे बघायला. माप गाडीवरच घ्यायचं. दारं लावून, काचा वर करून, पुढची खिटी बंद करून, कमानीवर ब्राऊन पेपर टाकून. कापडाच्या मध्यावर खडूची रेघ मारायची, आधी मागची बाजू पक्की करायची, मग पुढं ओढायचं. चुका पहिल्यांदा अर्ध्याच ठोकायच्या. एक रात्र जाऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी उन्हात परत बघायचं, कुठं सुरकुती असेल तर काढायची, मग शेवटचा हातोडा. घाईच्या गिऱ्हाइकाला ही रात्र फार जड जाते.

प्रत्येक वेळी हूड बदलायलाच लागतो असंही नाही. पुष्कळदा कापड शाबूत असतं आणि उन्हानं फक्त दोरा कुजलेला असतो. मग त्याच जुन्या भोकांतनं पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं हातशिलाई घातली की आणखी काही वर्षं निघतात. लहान फाट असेल तर आतनं ठिगळ लावतो. ठिगळाचे कोपरे गोल कापतो, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडली किंवा तडकली असेल तर तेवढीच बदलता येते. ती पुसायला थिनर किंवा पेट्रोल वापरू नका हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं.

आता गवसणीचं. हूड खाली करून घडी घातल्यावर त्याच्यावर जे कव्हर बसतं, त्याला आमच्याकडं गवसणीच म्हणतात. लोक तिला शोभेची वस्तू समजतात आणि हूडवर खर्च करून गवसणी राहू द्या म्हणतात. पण घडीत प्लॅस्टिकची खिडकी दुमडलेली असते. वर धूळ बसली आणि गाडी हादरत राहिली की ती धूळ खिडकीला ओरखडते. उन्हानं घडीचे काठ विरतात. म्हणून आम्ही गवसणीला आतनं फ्लॅनेलचं अस्तर लावतो आणि माप घेतो ते घडी पूर्ण बसल्यावर. घडी सगळ्यात उंच जिथं होते तिथं कापडाला सैलसर जागा ठेवावी लागते, नाहीतर बटणं लावताना माणूस जोर करतो आणि कापड बटणाशी फाटतं.

बटणाचंही एक आहे. जुन्या इंग्लिश-अमेरिकन गाड्यांना लिफ्ट-द-डॉट नावाची बटणं असतात. ती तीन बाजूंनी अडकतात आणि एकाच बाजूनं सुटतात. ज्या बाजूला ठिपका, तिकडनं उचलायचं. आमच्याकडं आलेल्या फाटक्या गवसण्यांत बऱ्याच अशा, की कुणीतरी दुसऱ्या बाजूनं ओढलेल्या. त्यामुळं गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाच्या हातानं बटणं उघडबंद करून घेतो. घरची मुलं बरोबर असतील तर त्यांच्याकडनंही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत महापूर आला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं पाणी भरलं. पाणी ओसरल्यावर आलेल्या गाड्यांत हूडच्या काठांत गाळ बसला होता, सांधे गच्च झाले होते. त्या वेळी नवीन कामं बाजूला ठेवली आणि पुराच्या गाड्या आधी घेतल्या. कापड साध्या पाण्यानं धुवायचं, काठ उसवून गाळ काढायचा, सावलीत पूर्ण वाळवायचं, मगच शिवायचं. ज्यांचं घरही पाण्यात गेलं होतं त्यांच्याकडनं मजुरी नंतर घेतली.

आज दुकानात तीन पिढ्यांची माणसं आहेत. आण्णा आता मशीनवर बसत नाहीत, पण चढवलेल्या हूडवरनं त्यांचा तळहात फिरल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. माझी मुलगी फर्मे सांभाळते. मॉरिस, जिप्सी, वेगवेगळ्या जीप, एका स्टँडर्ड हेराल्डचा. हेराल्डला वेगळी चासी आणि छप्पर बोल्टनं बसवलेलं, त्यामुळं ते उतरवून कापडी हूड घातलेल्या गाड्याही बघायला मिळतात. त्यांना मूळ फर्मा कुठनं मिळणार, प्रत्येकीचा नवा काढावा लागतो. मुलगी प्रत्येक फर्म्यावर कापडाची जात, पट्ट्यांची लांबी आणि कुठं किती ढील दिली ते लिहून ठेवते. हे आमच्या वेळी आण्णांच्या डोक्यात असायचं.

हूड चढवायची कामं आम्ही होळीनंतर घेतो आणि मृगाच्या आत संपवतो. पाऊस लागला की कोल्हापुरात कापड मनासारखं वाळत नाही आणि ताण नीट कळत नाही, म्हणून ते महिने गवसण्या, खिडक्या आणि हातशिलाईला. ज्यांच्या गाड्या घरी उभ्या आहेत त्यांनी पावसाळ्यात एवढं करावं : हूड ओला असेल तर घडी घालू नका, गवसणी तर मुळीच लावू नका, बुरशीचे काळे डाग एकदा पडले की निघत नाहीत. गाडी आडोशाला घ्या, हूड चढवून ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी काचा खाली करून वारं लागू द्या.