पालथे

कुणाच्या पायाशी लाचारीने लोळण घेणे यासाठी इंग्रजीत ‘ग्रोव्हल’ असा शब्द आहे आणि त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘आ ग्रूफू’ म्हणजे पालथे. त्यावरून मध्ययुगीन इंग्रजीत ‘ग्रोव्हलिंग’ हे क्रियाविशेषण आले. त्याचे शेपूट म्हणजे स्थिती दाखवणारा एक जुना प्रत्यय होता. पण लोकांना ते ‘वॉकिंग’च्या जातीचे वाटले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते छाटून ‘ग्रोव्हल’ हे नवे क्रियापद काढण्यात आले. आपल्याकडे बाळ पालथे पडले की घरभर कौतुक होते. मूळ शब्दही तितकाच निष्पाप होता, अपमान त्याला मागाहून चिकटला.

आम्हां बडोदेकरांना, मोतीबाग मैदानावर क्रिकेटचे सामने पाहत वाढल्यामुळे असेल, हा शब्द ठाऊक आहे तो टोनी ग्रेगमुळे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या इंग्लंडच्या या कर्णधाराने १९७६ च्या मालिकेआधी वेस्ट इंडीजला आपण ‘ग्रोव्हल’ करायला लावू, असे दूरचित्रवाणीवर सांगितले. वर्णद्वेषी राजवटीच्या देशातून आलेल्या गोऱ्या माणसाने हा शब्द उच्चारणे फारच झोंबले. वेस्ट इंडीजच्या रिचर्ड्सने चार कसोटींत ८२९ धावा कुटल्या, त्यांच्याच होल्डिंगने लंडनच्या ओव्हल मैदानावर १४ बळी घेतले, इंग्लंडने मालिका ३-० अशी गमावली आणि त्याच ओव्हलवर ग्रेग विंडीजच्या प्रेक्षकांसमोर हसत हसत गुडघ्यांवर रांगला. त्याचा हा उमदेपणा मला त्याच्या फलंदाजीपेक्षा अधिक आवडतो.

वाकण्याचा विषय निघाला की बडोद्यात गप्पा १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारावर येतातच. इंग्लंडच्या बादशहापुढे, पंचम जॉर्जपुढे, संस्थानिकांनी तीनदा वाकायचे आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा रिवाज होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज मात्र साध्या वेशात, हाती काठी घेऊन पुढे गेले, एकदाच वाकले आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. हे रंगवून सांगणारी मंडळी त्यानंतरचे महाराजांचे दिलगिरीचे पत्र बहुधा गाळतात. अशा माफीनाम्यालाही आजच्या इंग्रजीत कुणी ‘ग्रोव्हल’ म्हणेल, पण मी म्हणणार नाही, कारण १८७५ मध्ये बडोद्याचे आधीचे राजे मल्हारराव यांना इंग्रजांनी पदच्युत केल्यामुळेच आपल्याला दत्तक घेतले गेले, हे ती गादी सांभाळणारे सयाजीराव पुरते जाणून होते.