शिकोकूची ८८ देवळं: अकरा ते बारा हा टप्पा वाचून मगच निघा

जपानच्या शिकोकू बेटावरच्या ८८ बौद्ध देवळांच्या पायी यात्रेचा अंदाज पहिल्या दहा देवळांवरून बांधू नका. पहिल्या रिओझेनजीपासूनची ती गावागावांतली सपाट वाट लाडावून ठेवते. अकराव्या फुजिइदेराच्या मागून जंगलात शिरलात की बाराव्या शोसानजीपर्यंत जेमतेम १३ किलोमीटर, आणि १,२०० किलोमीटरच्या अख्ख्या वारीत मी शिव्या दिल्या त्या इथेच. निघण्याआधी पाहिलेल्या एका व्हिडिओत ‘रम्य पायवाट’ म्हटलं होतं. तो माणूस बसने गेला असावा.

चढाचं काही नाही, सह्याद्रीत फिरणारा तो काढतो. डोकं फिरतं पुढे. ७४५ मीटरवर जोरेनआन नावाचं छोटं देऊळ येतं, भल्यामोठ्या सुगीखाली (जपानी देवदाराखाली) कोबो दाइशींचा, म्हणजे ज्यांच्या नावाने ही यात्रा चालते त्या भिक्षूंचा, उंच पुतळा उभा असतो, आणि पोचलो असं वाटतं. तिथून कमावलेली तीनशेहून जास्त मीटर उंची साउचीच्या वस्तीपर्यंत घालवायची, आणि जवळजवळ तेवढीच पुन्हा चढायची. गुडघे इथेच जातात. पाऊस असेल तर जाऊच नका.

आता वेळेचं. प्रत्येक देवळात यात्रेच्या वहीत शिक्का घेतात. जुनी माहिती सांगते, शिक्क्याची खिडकी सातला उघडते आणि ३०० येन घेतात. एप्रिल २०२४ पासून वेळ आठ ते पाच आणि दर ५०० येन झालाय, म्हणजे ८८ शिक्क्यांचे ४४,००० येन. फुजिइदेराचा शिक्का आदल्या संध्याकाळीच घ्या आणि उजाडताच निघा. मला सात तास लागले. आठपर्यंत खिडकीपुढे थांबून निघालात तर वर पोचायला तीन वाजतील, आणि जरा रेंगाळलात तर पाचचं दार गाठताना धावाल.

धर्म कुणी विचारत नाही. सोबतच्या दोघांनी ‘आम्ही काही धार्मिक नाही’ असं सांगितलं आणि प्रत्येक देवळातलं मुख्य मंदिर व दाइशी मंदिर, दोन्हीकडे प्रज्ञापारमिता हृदयसूत्र अख्खं म्हटलं. हातातली काठी म्हणजे स्वतः दाइशी. म्हणून मुक्कामी आधी तिचा तळ धुवायचा, पाय नंतर. पुलावर ती टेकवायची नाही, कारण पुलाखाली दाइशी झोपलेले असू शकतात. वाटेत कुणी संत्रं दिलं, पैसे दिले, तर नको म्हणू नका, आपल्या नावाची पांढरी चिठ्ठी द्या. भिक्षेला आलेल्या दाइशींना हाकलणारा एमोन साबुरो पस्तावून वीस फेऱ्या त्यांच्यामागे फिरला, एकविसावी उलटी केली, तेव्हा कुठे शोसानजीच्या उतारावर भेट झाली, अशी कथा आहे. त्यावरून लीप वर्षात उलटी फेरी जास्त फळते असं मानतात. पहिल्या खेपेला तो नाद नको, वाटेवरच्या खुणा बहुतेक सुलट जाणाऱ्यांसाठीच आहेत.