माझा अनुभव: ‘मी किती खर्च केला?’ हा रकाना मी का काढून टाकला

चर्चमधल्या संडेस्कूलच्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) मोठ्या मुलांना ‘आधी देव, मग वस्तू’ शिकवायला मी सहा रविवार घेते, दर वेळी ४५ मिनिटं. त्यातले बहुतेक पाठ सुरळीत पार पडतात. बायबलमधले मत्तय ६ मधली धन खाणारी कसर आणि जंग, लूक १२ मधला कोठारं पाडून मोठी बांधणारा धनवान, गरीब विधवेनं अर्पण केलेल्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी), हे सगळं मुलांना लहानपणापासून पाठ असतं. अडतं ते दुसऱ्या रविवारी, मुलांनी घरी भरायच्या आठवड्याच्या नोंदीच्या कागदापाशी. तो फसला की बाकीचे पाठ पाठांतरापुरते उरतात.

छापील पाठासोबत जो तक्ता मिळाला, त्यात तीन रकाने होते: कशावर किती खर्च केला, देवाला किती दिलं, किती वेळ प्रार्थना केली. वर नाव लिहायचं आणि भरून शिक्षकांकडे द्यायचं. असे कागद परत येतात तेव्हा पहिला रकाना कोरा असतो आणि तिसरा भरगच्च. या तक्त्याचा मला अजून राग येतो, कारण त्यात मुलांची काहीच चूक नसते. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती बहुधा पैसाच नसतो, त्याच्या वस्तू आईवडील घेतात. मग कोरा रकाना हेच त्याचं प्रामाणिक उत्तर. आणि नावानिशी कागद द्यायचा म्हटल्यावर प्रार्थनेपुढे शून्य कोण लिहील? प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये हनन्या जमीन विकून आलेल्या पैशातला काही भागच प्रेषितांकडे आणतो, तेव्हा पेत्र त्याला स्पष्ट सांगतो की जमीन विकल्यावरही ती रक्कम तुझीच होती. काही भाग ठेवून घेतला हा त्याचा अपराध नव्हता. थोडं देऊन सगळं दिल्याचं भासवलं, हा होता. आपला तक्ता मुलांना नेमकं तेच करायला लावतो.

म्हणून मी रकाने बदलले. पैसा नाही, ओढ मोजायची. आता चार आहेत: आज काय मागितलं किंवा मनात धरलं, ते किती वेळा पाहिलं किंवा त्याबद्दल बोललो, नाही मिळालं तेव्हा काय केलं, कुणाला काय देताना हात आखडला. खाली एक ओळ जुन्या हट्टाची. ती अशी भरली जाते: ‘बूट. मागत होतो तीन महिने. जपले नऊ दिवस. आता दाराशी पडलेत.’ या एका ओळीनं जे काम होतं ते माझ्या बोलण्यानं होत नाही. शिवाय ज्याच्या घरी काहीच घेतलं जात नाही, त्यालाही हा तक्ता भरता येतो. लोभाला खिशात पैसे लागत नाहीत. खर्चाच्या तक्त्यात ते मूल आपोआप निर्दोष ठरायचं, किंवा लाजेनं मागे बसायचं.

कागद पुन्हा फसतो तो भरण्याच्या पद्धतीमुळे. पहिली ओळ वर्गातच भरून घ्या, पाच मिनिटं द्या, आणि आधी स्वतःची ओळ मोठ्यानं वाचा. नाहीतर कागद बायबलमध्ये घडी घालून जातो आणि तसाच परत येतो. मुलाच्या हातातल्या कागदावर सातही ओळी एकाच शाईत, एकाच वळणात दिसल्या तर समजा, शनिवारी रात्री उरकल्या आहेत. रागावू नका, आणखी एक आठवडा द्या. ज्याची ओढ फोनची असेल, त्यानं फोनवरचा वेळ मात्र सेटिंगमधून पाहूनच लिहायचा. आधी अंदाज, शेजारी खरा आकडा. दोन्हींतला फरक मुलांना स्वतःलाच दिसतो, आपण तोंड उघडायची गरज नसते. कागद गोळा करायचे नाहीत, कधीच नाहीत. तिसऱ्या रविवारी मी एवढंच विचारते: कोणता रकाना सगळ्यात जास्त भरला? बोटं वर करून दाखवा. मग मत्तय ६:२१ काढायचं. तिथला क्रम नीट पाहायला लावा: आधी धन, त्याच्या मागे मन. मन बदलेपर्यंत थांबून मग द्यायचं, असं येशू म्हणत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: पहिल्या रविवारच्या आधी पालकांना भेटा. तीन गोष्टी सांगा. मुलाचा तक्ता वाचायचा नाही, या निमित्तानं फोन काढून घ्यायचा नाही, आणि उपासनेला निघताना अर्पणाचे पैसे मुलाच्या हातात ठेवायचे नाहीत. आईची नोट थाळीत टाकताना मुलाचं काहीच जात नाही. पाचव्या रविवारी मी देण्याचा पाठ घेते. तिथे अट एकच, द्यायची ती वस्तू अजून आवडती हवी. कपाटातले तोकडे झालेले कपडे चालणार नाहीत. ‘देवाला दिलं की दुप्पट मिळतं’ असं चुकूनही म्हणू नका. त्यानं लोभालाच भक्तीचं नाव मिळतं.

चौथ्या रविवारी, ज्याला येशूनं सगळं विकून गरिबांना दे असं सांगितलं, तो श्रीमंत तरुण येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, ‘मग आम्हीही सगळं विकायचं का?’ टाळू नका. निर्गम २० मधल्या दहा आज्ञा आणि मार्क १० मधला हा प्रसंग शेजारीशेजारी ठेवा आणि येशूनं कोणत्या आज्ञांची नावं घेतली नाहीत ते मुलांनाच शोधू द्या. लोभाची आज्ञा त्या यादीत नाही हे बहुतेक वेळा कुणीतरी पकडतंच. त्या तरुणासमोर श्रीमंत जकातदार जक्कय ठेवा, ज्यानं अर्धी मालमत्ता दिली आणि फसवलेल्यांना चौपट परत करीन म्हणाला. आणि लूक ८:३ मधल्या स्त्रिया, ज्या स्वतःच्या पैशानं येशूची व शिष्यांची सेवा करत होत्या. मार्क १०:२१ शेवटी वाचा, सावकाश: मागण्याआधी येशूनं त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. हे वचन निसटलं तर तो सगळा प्रसंग मुलांना दटावणीसारखा ऐकू येतो.

सहाव्या रविवारी मी संकल्पपत्रावर सही घेत नाही. तोच तक्ता कोरा देते, वर तीन महिन्यांनंतरची तारीख घालून.