लेन्सची तारीख आणि आमची वाटचाल

दुकान सुरू केलं तेव्हा काउंटरखाली एक ड्रॉवर होता आणि त्यात काचेच्या छोट्या बाटल्या, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी आणि आत सलाइनमध्ये तरंगणारी एकेक सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स. वर्षभर वापरायची लेन्स. ती टोपी सोलताना बोट हमखास कापायचं, माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. मी डोळे तपासायचे, नवरा बिलं करायचा, आणि आमचा दोघांचा समज असा की लेन्स विकली, घालायला-काढायला शिकवली, लेन्स धुवायच्या सोल्युशनची बाटली हातात दिली, झालं, आता भेट पुढच्या वर्षी. या समजाची किंमत पुढे आम्हालाही मोजावी लागली आणि गिऱ्हाइकांनाही.

लेन्सवर माझा जीव तेव्हाही होता, आजही आहे. मायनस नऊ नंबरची एक मुलगी आली होती, जाड काचा, त्यातून जग बारीक दिसतं आणि कडेचं सगळं वेडंवाकडं. लेन्स घालायला शिकताना तिला तासभर लागला, बोट डोळ्याजवळ आलं की पापणी मिटायची, चार वेळा लेन्स गालावर पडली, एकदा उलटी लागली (कड बाहेरच्या बाजूला वळलेली दिसली की समजायचं उलटी आहे). शेवटी दोन्ही बसल्या. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीने रिकाम्या नाकावरून चष्मा वर ढकलला आणि मग स्वतःच हसत सुटली. हे नवीन लेन्सवाले जवळजवळ सगळेच करतात पण मला दरवेळी मजा वाटते. लेन्स डोळ्यावरच बसते त्यामुळे वस्तू खऱ्या आकाराच्या जवळपास दिसतात, कडेला फ्रेम आडवी येत नाही, वाफेने धुरकट होत नाही, पळताना नाकावरून घसरत नाही. आणि चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला चालत नाही हे त्या दिवशी तिच्या वडिलांना समजावताना माझी दमछाक झाली. काच डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर लांब असते, लेन्स चिकटून, म्हणून चष्म्याचा मायनस सहा असेल तर लेन्सला साधारण साडेपाच लागतो. साधारण चारच्या पुढे हा फरक धरावाच लागतो. काका म्हणाले, "म्हणजे नंबर कमी झाला?" नाही हो काका.

आता चुकीकडे येते. एक गृहस्थ वार्षिक लेन्स चौदा महिने वापरून आले, तक्रार एवढीच की डोळे खाजतात आणि लेन्स वर सरकते. स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) बघितलं तर लेन्सवर पांढुरके उंचवटे, नळाच्या तोंडावर क्षार साचतात तसे, आणि वरची पापणी उलटवली तर आतून गुळगुळीत असायला हवी ती लालभडक, मोठमोठ्या दाण्यांनी भरलेली. अश्रूंमधलं प्रोटीन लेन्सवर जमतं, जुनं होतं, आणि प्रत्येक वेळी पापणी मिटताना त्यावर घासते, त्यातून हे दाणे येतात. मी सांगितलं लेन्स बंद, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, "अहो पण दिसतंय तर छान!"

दिसतंय तर छान. हे वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही आणि लेन्सच्या धंद्यातली खरी गोम यातच आहे, की लेन्स नजरेसाठी खराब होण्याच्या खूप आधी डोळ्यासाठी खराब झालेली असते. चप्पल झिजली की तळवा सांगतो, लेन्स काही सांगत नाही.

कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून अश्रूंमार्फत घेतो. त्यावर आपण झाकण ठेवतो. पहिल्या सॉफ्ट लेन्सच्या मटेरियलमध्ये पाणी सुमारे 38 टक्के आणि ऑक्सिजन जाणार तो त्या पाण्यातूनच, म्हणजे बेताचाच. ओटो विख्तर्ले नावाच्या चेक केमिस्टने 1961 च्या नाताळात मुलांच्या जोडखेळातले तुकडे आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरातच फिरतं मशीन केलं आणि त्यावर लेन्स ओतल्या, ही गोष्ट मी शिकवताना सगळ्यांना सांगते, नवरा म्हणतो दरवेळी तुझी तीच टेप. अमेरिकेत 1971 मध्ये सॉफ्ट लेन्सला मान्यता मिळाली. तेव्हा एकेक लेन्स इतकी महाग की टाकून देणं कुणाला सुचणारच नाही, उकळा, गोळ्या घालून प्रोटीन काढा, जपा. वापरा आणि फेका ही कल्पना मोठ्या बाजारात 1987 च्या आसपास आली, रोज नवी लेन्स नव्वदच्या दशकात, आणि 1999 मध्ये सिलिकॉन हायड्रोजेल नावाचं नवं मटेरियल, ज्यातून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो.

आमच्याकडे मंथली, म्हणजे महिनाभर वापरून फेकायच्या लेन्स आल्या तेव्हा आम्ही खूष. बॉक्समध्ये सहा लेन्स, एका डोळ्याचं अर्धं वर्ष. बॉक्स दिला आणि परत विसरलो, हीच आमची दुसरी चूक, कारण एका ताईंचा सहा महिन्यांचा बॉक्स दोन वर्षं पुरला आणि आम्हाला पत्ताच नाही. त्यांचं गणित असं की महिन्यात सात-आठच दिवस घालते, म्हणजे एक लेन्स चार महिने चालणार. तसं नसतं ना. लेन्सचं सीलबंद पाकीट उघडलं त्या दिवसापासून दिवस मोजायचे, घाला किंवा केसमध्ये, म्हणजे लेन्सच्या डबीत, ठेवा.

मग तो मुलगा. मंथली लेन्स घालून झोपायचा, कधीकधी, त्याच्या भाषेत "जमेल तसं". एका सकाळी डोळा लाल, उजेड सहन होईना, फोन आला. लगेच काढ आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, लेन्स आणि केस बरोबर घेऊन जा म्हटलं. इन्फेक्शनने कॉर्नियावर जखम झाली होती. बरा झाला पण डोळ्यात बारीक फूल राहिलं, नशिबाने मध्यभागी नाही. 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिवसा सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्या दहा हजारांमागे वर्षाला साधारण 4 जणांना हे इन्फेक्शन दिसलं होतं, रात्रभर ठेवणाऱ्यांमध्ये साधारण 21. हे आकडे मला पाठ होते. तरी त्याला शिकवताना मी म्हटलं होतं "शक्यतो झोपू नकोस". त्याच्या फाइलवर लेन्स कधी उघडली तेही लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघं दुकान बंद करून बराच वेळ काउंटरवर नुसते बसून होतो. "शक्यतो" हा शब्द मी तेव्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने एक साधं रजिस्टर घातलं. कोणती लेन्स, कधी उघडली, कधी टाकायची. केसच्या झाकणावर मार्करने तारीख. नंतर त्याचं मेसेजमध्ये रूपांतर झालं, तारखेच्या आदल्या दिवशी जातो. लोकांना आधी हे नुसतं गिऱ्हाईक परत ओढायचं तंत्र वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाटणारच, कारण बदला म्हणणारा आणि विकणारा माणूस एकच. यावर उपाय म्हणून आम्ही स्लिट लॅम्पला कॅमेरा लावला, तुमचीच जुनी लेन्स आणि शेजारी नवी, बघा आणि ठरवा. वाद जवळपास संपले.

कोणती लेन्स चांगली असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, आठवड्यातून किती दिवस घालणार? दोन-तीन दिवसच असेल तर डेली, सोल्युशन नको, केस नको, आणि हिशेबातही मंथलीच्या फार पुढे जात नाही. रोज घालणाऱ्याला डेली महाग पडते, कचराही होतो आणि मोठ्या सिलिंडर नंबरात (कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागतो तो नंबर) ती मिळेलच असं नाही, तिथे मंथली टॉरिक, म्हणजे सिलिंडर नंबरची लेन्स. पंधरा दिवसांच्या लेन्स कागदावर उत्तम, पण पंधरा दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत, माझ्या स्वतःच्याही राहिले नाहीत, आम्ही त्या सुचवणंच सोडलं. सिलिकॉनवाली सगळ्यांना मानवते असंही नाही, किंचित कडक लागते, तेलकट थर लवकर धरते, काहींना जुनी पाणीदार लेन्सच मऊ वाटते, पण कोरड्या एसीत स्क्रीनसमोर पापणी न लवता बसलात की तीच पाणीदार लेन्स दुपारपर्यंत टोचायला लागते.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डेली लेन्स रात्री नळाच्या पाण्यात ठेवून परत घालणं. नळाच्या पाण्यात अकांथामिबा नावाचा जीव असू शकतो, त्याचं इन्फेक्शन महिनोन् महिने छळतं. केस पाण्याने नाही, सोल्युशननेच धुवायची, उलटी करून वाळवायची, तीन महिन्यांनी फेकायची, आणि जुन्या सोल्युशनवर नवीन ओतायचं नाही. एकांनी केस आणली होती, बोट फिरवलं तर आत भांड्याला लागतो तसा बुळबुळीत थर. मी तीच काउंटरखाली ठेवलीय, नव्यांना दाखवायला.

आणि ज्याच्याकडे चालू नंबरचा चष्मा नाही त्याला आम्ही लेन्स देत नाही. यावरून गिऱ्हाइकं गेली, एक तर तावातावाने गेला. पण डोळा लाल झाला की लेन्स काढायची असते, आणि चष्मा नसेल तर माणूस काढत नाही, तसाच कामाला जातो.

त्या दोन वर्षांच्या बॉक्सवाल्या ताई अजून आमच्याकडेच आहेत. आता डेलीवर आहेत, त्यामुळे त्यांना तारखेचा मेसेज जायलाच नको, पण यादीतून नाव काढायचं राहिलं आणि मागच्या महिन्यात गेला. उत्तर आलं, "अगं रोजच फेकते की, आता मेसेज कसला."

नाव काढलं.