भाताचा कुकर

आज दुपारी आईसोबत 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' पाहिला. २०२४ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळवणारा, पायल कपाडियांचा सिनेमा. मी समीक्षक वगैरे नाही, पण जेवण झाल्यावरही डोक्यातून जात नाहीये.

प्रभा नर्स आहे. नवरा जर्मनीत, फोनही नाही. एक दिवस तिकडून भाताचा नवाकोरा कुकर येतो, सोबत एक चिठ्ठीसुद्धा नाही. रात्री ती स्वयंपाकघरात खाली बसून त्या लालभडक कुकरला मिठी मारते. बस. एक शब्द नाही. आईने माझा हात धरला आणि सीन संपेपर्यंत सोडलाच नाही.

आणि पार्वतीच्या भूमिकेत आपल्या छाया कदम! बिल्डर घराबाहेर काढतोय, नवऱ्याने मागे एक कागद ठेवलेला नाही. पार्वती रडत नाही, रात्री प्रभासोबत बिल्डरच्या फलकावर दगड मारते. शेवटी रत्नागिरीकडचं आपलं गाव गाठते. (त्याच वर्षी 'लापता लेडीज'मधली त्यांची मंजू माईही अशीच, फलाटावर चहाची टपरी चालवणारी.)

हल्ली बरेचसे मोठे सिनेमे पाहताना मला हेच मिळत नाही. हिरो स्लो मोशनमध्ये येतो, पन्नास माणसं उडवतो, पण तो पोटासाठी करतो काय, घरी त्याची वाट कोण बघतं, काही कळत नाही. मग त्याला गोळी लागली तरी मला काही वाटत नाही. पार्वतीने सामान बांधलं तेव्हा मात्र घशात आवंढा आला.

आई आत्ताच विचारत होती, "त्या नर्सबाईने पुढे कुकर वापरला असेल का गं?"