रीस्टार्ट केलंय, चेक करा

तक्रारीच्या तिकिटावर हे उत्तर मला तीन आठवड्यांत अकरा वेळा आलं. मोजलंय मी.

एका पतसंस्थेचं ॲप्लिकेशन. जावातल्या स्प्रिंग बूटवर बांधलेलं, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. दिवसाआड कधीतरी पान नुसतं गोल गोल फिरत राहायचं आणि काउंटरपुढची रांग दारापर्यंत जायची. सीपीयू गार, मेमरी निवांत. लॉगमध्ये मात्र ३०,००० मिलिसेकंद थांबूनही डेटाबेस कनेक्शन मिळालं नाही, याचं रडगाणं. टेस्ट सर्व्हरवर कितीही लोड टाका, ढिम्म काही होत नव्हतं.

प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरला, हात लावायची आम्हाला मुभा नाही. सर्व्हर सांभाळणारी मंडळी वेगळी, आणि त्यांचं ठाम मत होतं की तुमची एखादी क्वेरीच जड आहे. मला हवा होता फक्त थ्रेड डंप, म्हणजे ॲपमध्ये एकाच वेळी चालणारी कामं (थ्रेड) त्या क्षणी कुठे आहेत याची यादी. ॲप अडकलेलं असताना जेस्टॅक ही जावाची कमांड चालवायची, म्हणजे कुठला थ्रेड कोणत्या ओळीवर बसून राहिलाय ते दिसतं. पण तो रीस्टार्टच्या आधीच घ्यावा लागतो. इथे पंचनामा व्हायच्या आत घर झाडून मोकळे!

फोन केला तर, "सर, युजर ओरडतायत, आधी चालू तर करू द्या." त्यांचंही चूक नाही म्हणा. मग चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरला. दोन मंजुऱ्या. मंजुरी आली दुपारी चारला, तेव्हा ॲप टुणटुणीत. पुढच्या खेपेला एक जण तयार झाला, तर त्यानं कमांड स्वतःच्या लॉगिननं चालवली आणि परवानगी नाही म्हणून एरर. (ॲप ज्या युजरनं चालतं, त्याच युजरनं जेस्टॅक चालवा. हे आधीच लिहून द्या, फोनवर सांगत बसू नका.) तोवर रीस्टार्ट झालेलाच.

शेवटी मी नाद सोडला आणि त्यांच्या रीस्टार्टच्या स्क्रिप्टमध्येच चार ओळी घातल्या: दहा-दहा सेकंदांनी तीन डंप, मग रीस्टार्ट. फॉर्मवर विषय लिहिला 'रीस्टार्ट प्रक्रियेत सुधारणा'. तासाभरात मंजूर! एकाच डंपवर समाधान मानू नका. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर दिसला, तरच तो अडकलाय म्हणायचं.

दोन दिवसांनी डंप हातात. दहा थ्रेड एसएमएस गेटवेच्या (एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेच्या) उत्तराची वाट बघत बसलेले, बाकीचे सगळे कनेक्शनच्या रांगेत. हिकारी पूलमध्ये, म्हणजे ॲप डेटाबेस कनेक्शनं ज्या साठ्यातून घेतं त्यात, डिफॉल्टनं कनेक्शनं दहाच असतात. आमचा कोड डेटाबेसची ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून, म्हणजे कनेक्शन धरूनच, एसएमएस पाठवत होता आणि त्या कॉलला टाइमआउटच (थांबायची मर्यादा) नव्हता. असे कॉल करणाऱ्या स्प्रिंगच्या रेस्टटेम्प्लेटला तो आपण दिला नाही, तर समोरचा गप्प झाल्यावर तो जन्मभर थांबतो. असे अडकलेले कॉल एकेक करत साठायचे, दहावा अडकला की दुकान बंद. टेस्टवर एसएमएस बंदच ठेवलेले, तिथे काय दिसणार? आणि ती मेथड लिहिलेली माझीच.

जोडणीला ३ सेकंद, उत्तराला ५ सेकंद मर्यादा घातली आणि एसएमएस कमिटनंतर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्यावर, पाठवायला लावला. पूल ५० करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, हँग व्हायला फक्त जास्त दिवस लागतील.

तिकीट बंद करताना त्यांनी कारण लिहिलं, 'रीस्टार्टनंतर प्रश्न सुटला.'

हो, एक राहिलंच. रिपोर्टसाठी दिलेलं डेटाबेस लॉगिन माझ्याकडे पहिल्यापासून होतं, पीजी_मॉनिटर रोलसकट (म्हणजे डेटाबेसची हालचाल बघायच्या परवानगीसकट). हँगच्या वेळी चालू सेशन्सची यादी देणारं पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी बघितलं असतं, तर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडी, काम काहीच नाही) अशी दहा सेशन्स पहिल्याच दिवशी दिसली असती, कुणाच्या मंजुरीशिवाय.