अंकांची खिचडी: कारण सापडलं

मराठी वेबपानांवरच्या विसंगतींचे नमुने आपण एका तक्त्यात जमवतोय; त्यातला मागच्या नोंदीत अडकलेला नमुना आठवत असेलच. बिल भरायच्या पानावर थकबाकी देवनागरी अंकांत, खालच्या चौकटीत तीच रक्कम इंग्रजी अंकांत, आणि आपण ‘५००’ टाइप केलं की लाल अक्षरांत ‘रक्कम भरा’. अखेर उलगडा झाला!

थकबाकीचा आकडा ब्राउझरच्या इंटल-नंबरफॉरमॅटमधून (आकडे त्या त्या भाषेच्या रीतीने लिहिणाऱ्या सोयीतून) येतो. भाषा ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) दिली की अंक आपोआप देवनागरी होतात, कारण युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या सीएलडीआरमध्ये (भाषावार रीतींच्या माहितीसाठ्यात) मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीची मात्र इंग्रजी. त्यामुळे तेच पान हिंदीत उघडलं तर सगळं एकसारखं दिसतं आणि हिंदीवर चाचणी करणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

चौकट ‘नंबर’ प्रकारची आहे. एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेच्या नियमाप्रमाणे तिच्या मूल्यात इंग्रजी अंकच चालतात. दुसरं काही आलं की पानातल्या स्क्रिप्टच्या (प्रोग्रामच्या) हाती रिकामं मूल्य पडतं. म्हणून डोळ्यांसमोर रक्कम असूनही ‘रक्कम भरा’. नुसतं ‘टेक्स्ट’ करूनही भागत नाही, कारण त्या स्क्रिप्टची भाषा जावास्क्रिप्ट, आणि तिच्या रेजेक्समधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) ‘कोणताही अंक’ सांगणारा ‘बॅकस्लॅश-डी’ देवनागरी ओळखत नाही. पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतला ओळखतो! म्हणजे सर्व्हरवर पायथन असेल, तर त्याला चालणारी रक्कम पानच अडवून धरतं.

चौकटीपुरता इलाज छोटा आहे. प्रकार टेक्स्ट, इनपुटमोड (कोणता कीबोर्ड उघडायचा ते) न्यूमेरिक. देवनागरी अंकांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ आणि इंग्रजी अंकांचे ४८ ते ५७, तेव्हा प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे, स्वल्पविराम आणि ₹ काढायचे, मगच तपासायचं. सगळीकडे इंग्रजीच हवे असतील तर भाषेच्या टॅगला (‘एमआर-आयएन’ला) ‘-यू-एनयू-लॅटन’ जोडलं की झालं. पण मराठी पानावर देवनागरीच ठेवावेत आणि चौकटीला दोन्ही चालावेत, असं माझं ठाम मत आहे.

याच वर्गातला दुसरा नमुना अजून छळतोय: पान उघडताना आकडा आधी इंग्रजीत, क्षणात देवनागरीत. स्वल्पविरामही सरकतो, १२३,४५६ चं १,२३,४५६ होतं. सर्व्हरवर नोड (तिथे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १३ च्या आधीच्या आवृत्तीचा असावा. त्यात मूळ बांधणीत इंग्रजीचीच माहिती असे. किंवा भाषा न देताच फॉरमॅट केलं असेल, मग सर्व्हर स्वतःची भाषा धरतो. पानाचा मूळ स्रोत (सर्व्हरने पाठवलेला) आणि ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमधला (आत्ता दिसणाऱ्या पानाचा) मजकूर शेजारी ठेवले की फरक लगेच सापडतो. अशा नमुन्यांना नुसता स्क्रीनशॉट निरुपयोगी; मजकूर कॉपी करूनच जपा.

पुढची नोंद ‘जतन करा’, ‘सबमिट’, ‘पुढे’ या बटणांची ठरली होती. ती थांबवतो. तारखाही याच यंत्रणेतून जातात, म्हणजे जन्मतारखेच्या चौकटी आधी बघायला हव्यात. तक्त्यात आता दोन रकाने करा: ‘दाखवलेले अंक’ आणि ‘स्वीकारलेले अंक’. जुने नमुनेही त्यात पुन्हा भरून घेऊ.